अपघाती इजा व रुग्णालयीन दाखले (चंद्रपूर–गडचिरोली)

पूर्व विदर्भातील या वनजिल्ह्यांत (गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला) दाखल होणाऱ्या जखमींचे स्वरूप हंगामानुसार बदलते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात धानाची रोवणी असा हा क्रम आहे.

वन्यप्राणी : मोहफुले अस्वलालाही आवडतात आणि माणसे ती वेचायला पहाटेच निघतात, त्यामुळे गाठ पडते. अस्वल मागच्या पायांवर उभे राहून डोक्या-चेहऱ्यावर पंजे मारते. टाळू, डोळा, नाक, जबडा फाटतो. जखम भरपूर पाण्याने धुणे, धनुर्वात व रेबीजची लस, जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, मग टाके असा उपचार असतो. चेहऱ्याच्या हाडांसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पात (स्थापना १९७३) डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज येण्याआधीच्या काळातही असे रुग्ण बरे केले. हे काम भारतीय ग्रामीण शस्त्रक्रियेच्या इतिहासात ठळकपणे नोंदवले जायला हवे. रानडुक्कर मांडी व पोटरी फाडते. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींची भर पडली आहे. वाघ मानेवर झडप घालतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली भागांतील त्याचे बळी बहुधा जागीच दगावतात. त्यांची नोंद शवविच्छेदनात होते, वॉर्डात नाही. म्हणून दाखल रुग्णांवरून वाघाचा धोका मोजता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वाघाने एका कामगाराचा बळी घेतला.

सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप महत्त्वाचे. घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे स्थिर ठेवून ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाची खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि श्वास मंदावतो. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटर लागतो. भामरागड भागात पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद होते आणि रुग्णाला खाटेची कावड करून आणावे लागते. आधी पुजाऱ्याकडे (गावातील पारंपरिक उपचारकाकडे) जाण्याने किती उशीर होतो, याबद्दल मतभेद आहेत. वनविभागाच्या भरपाईत सर्पदंश येत नाही. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात.

खाणी : दुर्गापूर, घुग्घुस, सास्ती, माजरी येथील कोळसा खाणींतील इजांची नोंद कायद्याने सक्तीची आहे.

रस्ते : दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या इजा प्रमुख. सुरजागडच्या लोहखनिज वाहतुकीने आलापल्ली–आष्टी मार्गावर अपघात वाढल्याची स्थानिकांची तक्रार आहे.

सशस्त्र संघर्ष : १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथे माओवाद्यांनी केलेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व एक वाहनचालक ठार झाले. अशा घटनांतील जखमी जवान हेलिकॉप्टरने नागपूरला नेले जातात. गावकऱ्यांच्या जखमांविषयी कागदोपत्री फार थोडे मिळते.

झाडावरून पडणे : चारोळी, मध व ताडी काढताना; मणका व मनगट मोडते.

भाजणे : मोहाखालचा पाचोळा पेटवताना आणि थंडीत शेकोटीमुळे.