फोर्ट विल्यमच्या छायेतील नाटकगृहे

राणी एलिझाबेथच्या अमदानीत, दुपारचे दोन वाजावयास आले की लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी नावाड्यांची एकच धांदल उडत असे. पैलतीरावरील नाटकगृहाच्या माथ्यावर निशाण चढलेले दिसे, कर्ण्याचा आवाज कानी येई आणि लोकांचे थवेच्या थवे नदी ओलांडू लागत. शहराच्या कारभाऱ्यांना नाटकांचा तिटकारा होता. म्हणून जेम्स बर्बेज याने १५७६ मध्ये आपले नाटकगृह वेशीबाहेर बांधले. आणि पुढे त्याचेच लाकूड नेऊन १५९९ मध्ये नदीच्या दक्षिण तीरावर ‘ग्लोब’ उभे राहिले. आत जाण्यास एक पेनी पडे. कसबी कारागिराला त्या वेळी दिवसाकाठी बारा पेन्सांच्या आसपास मिळत, हे ध्यानात घेतले म्हणजे ही रक्कम किती अल्प होती ते कळते. पेनी देणाराने उघड्या अंगणात उभे राहावयाचे. आणखी एक पेनी दिली तर सज्जात बसावयास मिळे. अंगणात उमेदवार कारागीर आणि हमाल, तर सज्जात सरदार आणि वकिलीचे विद्यार्थी, असा सगळा समाज एकाच वेळी हॅम्लेटचे स्वगत ऐकत असे. स्त्रियांची कामे मात्र मुलगे करीत. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्री नटी म्हणून उभी राहिली ती १६६० मध्ये.

‘ग्लोब’ उभारले गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, ३१ डिसेंबर १६०० या दिवशी, याच राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्या सनदेच्या बळावर आलेल्या व्यापाऱ्यांनी पुढे हुगळीच्या काठी वखार घातली, वखारीभोवती तट बांधला आणि राजा तिसरा विल्यम याच्या नावावरून त्याला ‘फोर्ट विल्यम’ म्हटले. इंग्रज जेथे गेला तेथे नाटकाची हौसही घेऊन गेला. तेव्हा या किल्ल्याच्या आश्रयाने नाटकगृह उभे राहिले, यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. शेक्सपिअरचे नाटक सातासमुद्रापलीकडे आले. पण ते पाहणारा तो पेनीवाला प्रेक्षक मात्र मागेच राहिला.

कलकत्त्याचे पहिले नाटकगृह लाल बाजाराजवळ होते. रहिवाशांनी वर्गणी काढून ते बांधले होते. वर्गणीची सवय या वस्तीला होतीच. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा भयभीत झालेल्या याच रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो अपुराच राहिला, तरी ‘मराठा डिच’ हे त्याचे नाव मात्र इतिहासात कायमचे राहिले. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत. १७५६ च्या जूनमध्ये आला तो नवाब सिराजउद्दौला. त्याच्या सैन्याने ते नाटकगृह काबीज केले आणि तेथून किल्ल्यावर तोफा डागल्या. २० जूनला किल्ला पडला. पुढे इंग्रजांनी शहर परत घेतले. परंतु लंडनच्या संचालकांनी १७५८ मध्ये कळविले ते असे, की त्या इमारतीचे आता प्रार्थनामंदिर करावे!

प्लासीच्या लढाईनंतर दक्षिणेस, मोकळ्या मैदानात, नवा व बुलंद फोर्ट विल्यम बांधण्यात आला. सत्ता स्थिरावली, तशी करमणुकीची भूकही वाढली. १७७५ मध्ये सुमारे एक लाख रुपये खर्चून रायटर्स बिल्डिंगच्या मागे ‘कलकत्ता थिएटर’ उभे राहिले. वर्गणीदारांत खुद्द वॉरन हेस्टिंग्ज आणि सरन्यायाधीश इंपी होते. लंडनचा नटश्रेष्ठ डेव्हिड गॅरिक याने मदतीसाठी आपला माणूस धाडला. नट मात्र सारे हौशी. दिवसा कंपनीची खाती लिहिणारे किंवा फौजेची कवाईत घेणारे साहेब रात्री तोंडाला रंग लावीत. स्त्रियांची कामेही तेच करीत. एलायझा फे या इंग्रज बाईने १७८१ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत एका लेफ्टनंटाने वठविलेल्या नायिकेचे कौतुक केले आहे. आणि रणात हाच गृहस्थ मोठा शूर असल्याचे आपण ऐकतो, असेही ती सांगते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात वावगे वाटण्याचे कारण नाही. पण तिची तक्रार होती ती तिकिटाबद्दल. एका रात्रीच्या करमणुकीला एक सोन्याची मोहोर फार होते, असे साऱ्यांचेच मत असल्याचे ती नमूद करते.

मोहोर म्हणजे सोळा रुपये. साध्या चाकराला त्या काळी महिन्याकाठी चार-पाच रुपये मिळत. म्हणजे ज्याने साहेबाची पालखी नाटकगृहाच्या दारापर्यंत वाहून न्यावयाची, त्याचा तीन महिन्यांहून अधिक पगार एका तिकिटात संपावयाचा. आत ‘हॅम्लेट’ चाले आणि बाहेर पायरीशी भोई पेंगत बसत. ज्या नाटककाराने थोरामोठ्यांबरोबर अंगणातल्या गर्दीसाठीही लेखणी चालविली, त्याच्या नाटकाला येथे अंगणच उरले नव्हते. ज्यांच्या टाळ्यांवर आणि शिट्यांवर नाटक जगते, असा पिटातला प्रेक्षक तेथे नव्हता. अखेर कर्जात बुडून १८०८ मध्ये ते नाटकगृह बंद पडले. गोपीमोहन ठाकूर यांनी ती जागा विकत घेतली आणि तेथे बाजार भरू लागला.

हे दार किलकिले करण्याचा पहिला यत्न कोणा इंग्रजाने नव्हे, एका रशियन वादकाने केला. गेरासिम लेबेदेव हा व्हायोलिन वाजवून पोट भरणारा गृहस्थ गोलोकनाथ दास या शिक्षकाकडून बंगाली शिकला. एका इंग्रजी प्रहसनाचे त्याने बंगालीत रूपांतर केले, डोमतल्यात नाटकगृह उभारले आणि २७ नोव्हेंबर १७९५ रोजी बंगाली नटांकडून व नटींकडून त्याचा प्रयोग करविला. खालच्या जागांना आठ रुपये व वरच्या सज्जाला चार, असा दर होता. तोही गरिबाच्या आवाक्यातला नव्हे. परंतु रंगभूमीवरची भाषा तरी भोवतालच्या लोकांची होती. १७९६ मधील दुसऱ्या प्रयोगानंतर कर्ज आणि धंद्यातील वैर यांनी त्याला घेरले, व १७९७ मध्ये त्याने हा देश सोडला.

पुढे १८१३ मध्ये मैदानाच्या कडेला ‘चौरंगी थिएटर’ निघाले. १८३५ मध्ये ते द्वारकानाथ ठाकुरांनी विकत घेतले आणि १८३९ मध्ये ते आगीत भस्म झाले. त्याच्या मागून आलेल्या ‘सां सूसी’ रंगमंचावर १७ ऑगस्ट १८४८ रोजी वैष्णवचरण आढ्य हा बंगाली तरुण ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. देस्देमोना होती इंग्रज बाई. ज्या नाटकगृहांत हिंदी माणूस क्वचितच दिसे, तेथे तो थेट नायक होऊन आला. या घटनेने गोऱ्या शहरात केवढी खळबळ उडाली!

परंतु नाटकाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते ७ डिसेंबर १८७२ रोजी, दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ने. ‘नॅशनल थिएटर’च्या त्या प्रयोगाला एक रुपया आणि आठ आणे असे दर होते, आणि विषय होता निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर केलेला जुलूम. महाराष्ट्रात हा प्रवास त्याआधीच सुरू झाला होता. १८४३ मध्ये सांगलीच्या राजवाड्यात राजाश्रयाने जन्मलेले विष्णुदास भाव्यांचे नाटक १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिकीट लावून लोकांसमोर आले. दरबारातले नाटक बाजारपेठेत आले, म्हणूनच ते जगले व वाढले.

आज त्या इंग्रजी नाटकगृहांपैकी एकही उरलेले नाही. चौरंगी थिएटरवरून नाव पडलेल्या थिएटर रोडला १९६४ मध्ये, शेक्सपिअरच्या चारशेव्या जयंतीच्या वर्षी, ‘शेक्सपिअर सरणी’ हे नाव मिळाले. आणि ज्या किल्ल्याच्या आश्रयाने ती नाटकगृहे उभी राहिली, त्या फोर्ट विल्यमला अलीकडे भारतीय लष्कराने आपल्या कोकण किनाऱ्यावरील किल्ल्याचे, विजयदुर्गाचे, नाव दिले आहे. मराठ्यांच्या धास्तीने ज्या शहराने खंदक खणला, त्या शहराच्या किल्ल्याला मराठ्यांच्या जलदुर्गाचे नाव मिळावे, हा कालाचा महिमा होय. शेक्सपिअर मात्र त्या शहरात आजही आहे. तो टिकला तो मोहरा मोजणाऱ्या वर्गणीदारांमुळे नव्हे. आठ आण्यांचे तिकीट काढून आपल्या भाषेत नाटक पाहावयास आलेल्या प्रेक्षकाने त्याला आपलासा केला, म्हणून.