भुजंगधारीतले न सापडलेले ग्रह

परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा इतिहास १९९५ पासून, म्हणजे ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह सापडला तेव्हापासून सांगण्याची पद्धत आहे. सूर्यासारख्या ताऱ्याच्या ग्रहाचा पहिला भक्कम पुरावा तोच, हे खरे. पण ही कथा १८५५ च्या मद्रासपासून सांगायला हवी. तिथल्या वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन विल्यम जेकब हे जोडताऱ्यांच्या मोजणीत मुरलेले होते. १८४२ साली त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली होती. भुजंगधारी तारकासमूहातला ७० क्रमांकाचा जोडतारा आपल्यापासून सुमारे १७ प्रकाशवर्षांवर आहे. त्यातले दोन तारे साधारण ८८ वर्षांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात, पण गणिताने काढलेल्या जागी ते नेमके सापडत नव्हते. जेकब यांनी ही तफावत एखाद्या अदृश्य ग्रहाच्या ओढीची मानली. नऊच वर्षांपूर्वी युरेनसच्या अशाच तफावतीतून नेपच्यून हाती लागला होता. तर्क हवेतला नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकेत थॉमस सी यांनी ३६ वर्षांत फेरी घालणारा अदृश्य सोबतीच तिथे असल्याचे सांगितले. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी अशी तिघांची मांडणी टिकूच शकत नाही, हे गणिताने दाखवले. त्या जोडताऱ्याभोवती आजवर एकही ग्रह सिद्ध झालेला नाही.

मग चुकलेल्या दाव्याला इतिहासात जागा कशाला, असे कोणी विचारील. कारण जेकब यांनी आकडे मांडले, आणि आकडे मांडले म्हणूनच ते खोडता आले. पुढे हेच पुन्हा घडले. त्याच तारकासमूहातल्या, अवघ्या सहा प्रकाशवर्षांवरच्या बार्नार्डच्या ताऱ्याला गुरूहून जड ग्रह आहे, असे पीटर व्हान डी काम्प यांनी १९६३ मध्ये जाहीर केले. त्यामागे १९३८ पासूनच्या छायाचित्रांत दिसलेले ताऱ्याचे डुलणे होते. १९७३ मध्ये त्यांच्याच वेधशाळेतल्या जॉन हर्शी यांनी दाखवले की त्या दुर्बिणीतून दुसरे तारेही तसेच डुलताना दिसतात. दोष भिंगाकडे होता, ताऱ्याकडे नव्हे.

आता याच ताऱ्याभोवती चार ग्रह असल्याचे २०२५ मध्ये निश्चित झाल्यावर, व्हान डी काम्प शेवटी खरे ठरले असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह टाळलेला बरा. त्यांच्या ग्रहाची फेरी २४ वर्षांची होती. हे चौघे सात दिवसांच्या आत फेरी आटोपतात आणि वजनाने पृथ्वीच्या निम्मेही नाहीत. ते सापडले वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यातून. इतक्या हलक्या ग्रहांनी ताऱ्याला दिलेला हेलकावा व्हान डी काम्प यांच्या छायाचित्रांच्या काचेवर उमटणे शक्यच नव्हते.