परदेशी मल्लांचीं नांवें

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं गोसीखुर्द नांवाचें गांव आहे. धरणामुळें तें सर्वतोमुखीं झालें. पण कोणी गोसीखुर्द म्हणतो, कोणी गोसेखुर्द. आपल्याच गांवाची ही स्थिति, तेथें परक्यांच्या नांवांची चिकित्सा कशाला, असें वाचक विचारतील. परंतु ही चिकित्सा केवळ पंडिती हट्ट नव्हे, हें एका मराठी मल्लाच्या कुस्त्यांवरून सहज दिसेल.

१९५२ सालीं हेलसिंकी येथें कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांनीं हरविलेल्यांत कॅनडाचा पोलिकॅं होता. आडनांव फ्रेंच, त्याला 'पोलिक्विन' म्हणणें हा इंग्रजी वाचनाचा प्रताप. सुवर्णपदक जपानच्या इशिइचें. या आडनांवांत 'इशि' म्हणजे दगड आणि 'इ' म्हणजे विहीर. शेवटचा स्वर गिळला कीं विहीर बुजते आणि नुसता दगड हातीं राहतो! रौप्यपदक रशीद मामेदबेकोव्हचें. हें त्याच्या नांवाचें रशियन रूप. तो स्वतः अझरबैजानी, आणि त्याच्या भाषेंत तें 'मॅम्मॅदबॅयोव' असें कांहींसें होतें. फोडून पाहावें तों आंत महंमद आणि बेग! बखरी वाचणाऱ्या मराठी माणसास हीं नांवें का परकीं? मागें रशियन प्रत्यय लागला आणि पुढें इंग्रजी लिपीचा पडदा आला, म्हणून ओळख पटली नाहीं, इतकेंच.

हा पडदा दूर करण्याचें सामर्थ्य नागरी लिपींत पुष्कळ आहे. मात्र ती सर्वस्वीं निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. १९१० सालीं लंडनमध्यें व १९२८ सालीं पतियाळ्यास गामाशीं लढलेला पोलिश मल्ल झ्बिश्को याचें मूळ आडनांव त्सिगान्येविच. त्यांतला पहिला वर्ण जवळजवळ आमच्या 'चाक' शब्दांतला च. तो महाराष्ट्रांतल्या लहान पोरासही येतो. पण 'चार'चा आणि 'चाक'चा च आम्ही एकाच अक्षरानें लिहितों, म्हणून त्सकाराची ही कसरत!

'ज'चीही तीच कथा. जाधवांचा ज 'जागे'तला, 'जीवना'तला नव्हे; पण हिंदीभाषी त्यांना दुसऱ्याच जकारानें हांक मारतो. फिनिश भाषेंत तर इंग्रजी जे या अक्षराचा उच्चार य. तेव्हां हेलसिंकीचा रहिवासी फलकावरील नांव आपल्या रीतीनें वाचूं लागला, तर 'याधाव' असेंच कांहीं म्हणणार. हें ऐकून आपणांस जें वाटेल, तेंच इशिइच्या गांवकऱ्यांस वाटत असलें पाहिजे.

आणि परक्यांनाच दोष कां द्यावा? जाधवांच्या प्रवासखर्चासाठीं राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनीं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, असें सांगतात. आमच्याच देशांतल्या इंग्रजी वृत्तांतांत ते आज 'खर्डीकर' होऊन बसले आहेत.