रेवदंड्याच्या वाळूवर चौथा आकडा

ओहोटी लागली आहे. सुरूच्या बनातून तुम्ही रेवदंड्याच्या पुळणीवर उतरता आणि मोबाइलवरचा बाण किल्ल्याकडे वळतो. जिओकॅशिंगचा खेळ साधा. कुणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. ती हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि बघ्यांची नजर चुकवून डबी होती तिथे ठेवायची. पुरून ठेवायला बंदी आहे. बरंच आहे ते; एका पावसाळ्यात ही वाळू कुठली कुठे जाते.

जीपीएसला किमान चार उपग्रह लागतात, कारण त्याला चार आकडे काढायचे असतात: तीन जागेचे, चौथा वेळेचा. जागेचे तसेच राहू द्या. चौथा मागे फिरवा.

१ मे २०००. बाण शंभरेक मीटर इकडेतिकडे भरकटतो. अमेरिकी सरकारने नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळली आहे. उद्या ती काढतील आणि परवा ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाचा गृहस्थ रानात पहिली बादली ठेवून येईल.

आणखी मागे. १५७१. आता खाली वाका! मुर्तझा निजामशहाचा वेढा पडून महिने झालेत. जमिनीकडून तोफा धडाडताहेत, भिंतींचा चुरा तोंडात जातो. पोर्तुगीज तरीही तग धरून आहेत, कारण समुद्राची वाट त्यांच्याकडे आहे. गोव्याहून कुमक येते ती याच पाण्यावरून. पावसाळ्यात तह होईल. किल्ला मराठ्यांकडे यायला १७४० उजाडेल.

१४६९. भिंतच नाही. अंमल बहमनींचा, आणि चौलच्या बंदरात होर्मुझकडून आलेली गलबतं. त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथे उतरलाय. विकायला घोडा आणलाय बिचाऱ्याने. पुढे जुन्नरचा खान तो हिसकावून घेणार आहे. सध्या मात्र गोरा माणूस बघायला त्याच्यामागे ही गर्दी लोटली आहे. नजर चुकवणं वगैरे विसरा. तुमच्या हातातल्या उजळ चौकोनाकडेही पोरं वळलीच. वास्को द गामा यायला अजून एकोणतीस वर्षं आहेत. निकितिनने टिपून ठेवलं, म्हणून तो आपल्याला ठाऊक. गर्दीतल्या एकाचंही नाव नाही.

आता उत्तरेला, नागावच्या पलीकडे आक्षीला चला. शके ९३४ म्हणजे १०१२; शिलालेखाचा काळ असाच वाचला जातो. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. दान दिल्याचं दगडावर कोरून तो उघड्यावर उभा केलाय, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने पाहावा म्हणून. लपवाछपवी नाहीच. मोडता घालणाऱ्यासाठी गधेगाळ आहे: वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाचं ते शिवीचं चित्र. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं, असं.

डबी ठेवायला इथे आडोसा छान आहे, असं मनात आलं असेल, तर आधी ते चित्र नीट बघा आणि हात मागे घ्या.