माळवदावरची माती

मागच्या उन्हाळ्यात मी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरावर ‘ग्रीन रूफ’ केलं. १० बाय १० फुटांची स्लॅबची खोली. एप्रिलमध्ये आत बसून कोड लिहिणं अशक्य. स्लॅब किती वजन पेलेल ते सिव्हिलच्या मित्राला विचारलं आणि थर रचले: वॉटरप्रूफ कोटिंग, जाड प्लास्टिक, खडी, शेडनेट आणि वर ४ इंच माती-कोकोपीट. त्यात घोळ आणि ऑफिस टाइम लावलं.

जुलैत छत गळायला लागलं. म्हटलं, वर अजून थोडी माती दाबून टाकू. आजी म्हणाली, “माती वाढवू नको बाळा. आम्ही जन्मभर तेच केलं.”

ती माळवदाबद्दल बोलत होती. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती भिजली की घट्ट बसते, पाणी सहजी खाली सोडत नाही. उन्हाळ्यात खाली गारवा, थंडीत ऊब. पावसाळ्यात वर गवतही उगवायचं. मी यूट्यूब बघून जे शिकलो, ते इथं पिढ्यानपिढ्या होतं.

पण माळवद गळलं की उपाय एकच: पावसाआधी नवी माती. जुनी तशीच ठेवून. मूळ बग न शोधता पॅचवर पॅच. ओली माती घनमीटरला साधारण पावणेदोन टन भरते. थर फूटभर झाला, तर १० बाय १० च्या खोलीवर जवळपास ५ टन. आणि कित्येक घरांवर थर फुटापेक्षाही जाड होता.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. याहून मोठे भूकंप जगात दरवर्षी होतात. पण इथं मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि त्यांच्यामागोमाग माळवदं खाली आली. हजारो माणसं गेली. आजीच्या माहेरचं घरही गेलं; त्याबद्दल ती फार बोलत नाही. पुढे वाचलेल्या घरांच्या मजबुतीकरणात छतावरची माती कमी करणं हे एक महत्त्वाचं काम ठरलं.

नॉर्वेतल्या जुन्या घरांवरही माती-गवताची छतं असतात. पण तिथं पाणी अडवते ती खाली अंथरलेली बर्च झाडाची साल. माती तिला दाबून धरते. कामं वाटलेली आहेत. माळवदात ऊनही मातीनंच अडवायचं आणि पाणीही. म्हणून गळती लागली की मातीच वाढायची.

मग मी माती वाढवायच्या ऐवजी उकरली. बग सापडला: पाणी जायच्या पाइपचं तोंड मातीनं बुजलं होतं. तुंबलेलं पाणी कठड्यालगत, प्लास्टिकची कड संपते तिथून आत शिरत होतं. पाइपच्या तोंडाशी जाळी लावून भोवती फक्त खडी ठेवली, प्लास्टिक कठड्यावर वीतभर चढवून चिकटवलं. गळती थांबली.

यंदा पावसाआधी आजी हळूहळू जिना चढून वर आली. मातीत काडी खुपसली, काढली आणि वितेनं मोजली. अर्धी वीत भरली. मग खाली उतरली.