नमुन्याच्या नोटा : एक उपेक्षित साधन

पवनमावळांतील तिकोणा पेठेंतून वितंडगडाकडे पाहतांना इतिहासप्रेमी मनुष्यास इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहाचें स्मरण होतें. त्या तहानें मोंगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हा तिकोणाहि होता. त्या काळचा एखादा कागद हातीं आला, म्हणजे आम्ही मजकुराआधीं त्याचा शिक्का व मोर्तब तपासतों. मोर्तब ही लेखनाची सीमा. तिच्याखालीं कोणास एक ओळहि वाढवितां येऊं नये, हा तिचा हेतु. खोटेपणास अडविण्याची हीच युक्ति छापील नोटेंत कोणत्या रूपानें आली, हें दाखविणारें एक साधन संग्राहकांकडून बहुधा उपेक्षिलें जातें.

तें साधन म्हणजे नोटा छापणाऱ्या कारखान्यांनीं आपलें कसब गिऱ्हाइकांस दाखविण्याकरितां काढलेल्या नमुन्याच्या नोटा. यांस चलनाचें मूल्य नसतें. त्यांवर बहुधा काल्पनिक बँकेचें वा खुद्द कारखान्याचें नांव असतें. परंतु बोटास जाणवणारी खोदीव छपाई, बारीक रेषांची गुंफण, कागदांतील जलचिन्ह, हें सारें खऱ्या नोटेच्या तोडीचें असतें.

यांचें महत्त्व आमच्याकडील नोटांच्या इतिहासावरून कळेल. सरकारी नोटा इ. स. १८६१ च्या कायद्यानें सुरू झाल्या. व्हिक्टोरिया राणीच्या चित्राच्या नोटांच्या नकला होऊं लागतांच इ. स. १८६७ पासून मजकुराखालीं रंगीत छपाई असलेल्या नोटा आल्या. इ. स. १९२८ त नाशिक येथें नोटांचा छापखाना निघाला व १९३२ पर्यंत सर्व किंमतींच्या नोटा तेथें छापूं लागल्या. दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं सहाव्या जॉर्जच्या नोटांच्या नकला केल्या, तेव्हां जलचिन्ह बदलून येथील नोटेंत प्रथमच सुरक्षा-धागा घालण्यांत आला. सारांश, नोटेवरील प्रत्येक खूण हें कोणा ठगास दिलेलें उत्तर आहे.

चलनी नोटेवरून सरकारनें कोणतें उत्तर स्वीकारलें एवढेंच कळतें. कारखान्याजवळ आणखी कोणतीं उत्तरें तयार होतीं, हें नमुन्यावरूनच समजतें. मात्र खऱ्या नोटेवर ‘नमुना’ या अर्थाचा शब्द छापून ओळखीसाठीं बँकांकडे पाठविलेली प्रत निराळी. तिची गल्लत यांशीं करूं नये.

म्हणून अशी नोट मिळाल्यास तिच्या कडा कापूं नयेत, तिजवरील नमुन्याची खूण पुसूं नये, आणि सोबतचें पाकीट वा पत्र तिजपासून वेगळें करूं नये. मोर्तब पुसलेल्या सनदेची जी गत, तीच अशा नोटेची होते.