समलिंगी संबंध आणि धार्मिक विरोध, महाराष्ट्रातील

एकाच लिंगाच्या व्यक्तींमधील प्रेमभावना व कामसंबंध यांना समलिंगी संबंध असे म्हणतात. अशा संबंधांना धर्माच्या नावाने होणारा विरोध बहुतेक समाजांत आढळतो. तथापि त्याचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. महाराष्ट्रात हा विरोध धर्मग्रंथांच्या आधाराने जितका चालला, त्यापेक्षा अधिक तो दोन आडमार्गांनी चालला. ब्रिटिश अमदानीतील फौजदारी कायद्याचा आश्रय हा त्यांपैकी पहिला मार्ग होय. या विषयावर बोलणे व लिहिणे हेच अश्लील ठरविणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाची झळ तरुणांना विशेष लागली; कारण ज्याला स्वतःविषयीच काही विचारावयाचे होते, त्याला ते विचारण्याची जागा उरली नाही. या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या दोन पुरुषांनी १९३४ मध्ये लढविलेला आणि हरलेला एक खटला महत्त्वाचा ठरतो.

हिंदू धर्मशास्त्रात या विषयाने फारशी जागा व्यापलेली नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी केलेल्या मैथुनाची गणना एके ठिकाणी जातिभ्रंशकर पातकांत केली आहे, तर पुढे त्याबद्दल सचैल स्नान एवढेच प्रायश्चित्त सांगितले आहे. बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा केलेला स्त्रीसंग त्याच श्लोकात त्याच्या जोडीला बसविला आहे. कन्येला दूषित करणाऱ्या स्त्रीस आठव्या अध्यायात बोटे तोडण्यापर्यंतची शिक्षा आहे. परंतु तेथील रोख आसक्तीपेक्षा कौमार्यभंगावर असल्याचे दंडाच्या एकूण रचनेवरून दिसते. कौटिलीय अर्थशास्त्र अशा कृत्याला पूर्वसाहसदंड, म्हणजे तीन साहसदंडांपैकी सर्वांत खालचा दंड सांगते. वात्स्यायनाने कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चे वर्णन करताना आचार्यांचा निषेध नोंदविला आहे; पण शेवटी निर्णय देशाचार व ज्याची त्याची प्रवृत्ती यांवर सोपविला आहे. एवढ्यावरून प्राचीन समाज उदार होता असे म्हणणे घाईचे ठरेल. कुलाचार, विवाह आणि पुत्रोत्पत्ती यांची सक्ती सर्वांवर होतीच. मात्र देहान्त शासनाची किंवा आजन्म कारावासाची कल्पना या परंपरेत दिसत नाही.

इस्लामी धर्मशास्त्रात हे कृत्य निषिद्ध आहे; त्याच्या शिक्षेविषयी मात्र मतभेद आहेत. अबू हनीफा यांच्या मते ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवावयाची असते, तर शाफिई पंथ ते व्यभिचाराच्या कोटीत घालतो. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई पंथाचे आहेत. ख्रिस्ती परंपरेत हे पाप निसर्गाविरुद्धचे म्हणून वेगळे काढण्यात आले आणि पोर्तुगालच्या इन्क्विझिशनला त्याचा न्याय करण्याचा अधिकार मिळाला. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड सोडल्यास, कार्यरत होते. मराठी-कोकणी मुलखात धर्मपीठाच्या हाती या बाबतीतील दंडसत्ता प्रत्यक्ष आली ती येथेच.

ब्रिटिश कायद्याचा उगमही चर्चच्या न्यायालयात आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३३ मध्ये हा अपराध धार्मिक न्यायालयांकडून काढून राजाच्या न्यायालयांकडे देण्यात आला. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये सादर केला. १८६० मध्ये मंजूर झालेली संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगास आजन्म कारावासापर्यंत शिक्षा ठरविली. इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा सैल केला. भारतात मात्र हे कलम पुढील अर्धशतक टिकले. पुढे भारतीय संस्कृतीच्या रक्षणासाठी म्हणून त्याची पाठराखण झाली, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हटला पाहिजे.

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांचा जन्म दापोलीजवळील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. ते गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईतील विल्सन या मिशनरी महाविद्यालयातील नोकरीचा त्यांना १९२५ मध्ये राजीनामा द्यावा लागला. वडिलांनी विधवाविवाह व स्त्रीशिक्षण यांसाठी जो छळ सोसला त्याचे पुढे गौरवात रूपांतर झाले. मुलाच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते जवळजवळ एकहाती चालविले.

या मासिकातील वाचकांच्या प्रश्नांचे सदर हा त्याचा प्राण होता. डॉक्टरला, वडीलधाऱ्यांना किंवा मित्रालाही विचारता न येणारे प्रश्न लोक टपालाने पाठवीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध हे विषय त्यांत वारंवार येत. पाप, नरक, वीर्यनाश या कल्पनांनी घाबरलेल्या तरुणाला ही उत्तरे धीर देणारी होती, कारण कर्वे प्रत्येक प्रश्न शरीरशास्त्र व मानसशास्त्र यांच्या कसोटीवर तपासत. त्यांची भाषा कोरडी, काही वेळा तुसडी असे. पण प्रश्न विचारणाऱ्याची कुचेष्टा तिच्यात नसे. कोणाचे नुकसान न करणाऱ्या कामसुखात धर्माने ढवळाढवळ करू नये, हे त्यांचे मत या उत्तरांमागे उभे होते.

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल पुण्यातील सनातनी मंडळींच्या तक्रारीवरून त्यांच्यावर खटला झाला व त्यांना दंड भरावा लागला. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी घेतले. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातीलच, मंडणगड तालुक्यात आहे. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे आंबेडकर तोवर देशभर ओळखले जात होते. अशा नेत्याला या खटल्यातून राजकीय लाभ होण्याजोगा काहीच नव्हता, उलट बदनामीचा संभव होता. केवळ कामविषयक आहे म्हणून एखादे लेखन अश्लील ठरत नाही आणि गैरसमज नाहीसा करावयाचा तर ज्ञान दिलेच पाहिजे, अशी बचावाची भूमिका होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिकाची आर्थिक स्थिती पाहता ही रक्कम लहान नव्हती.

त्या काळी अश्लीलतेची कसोटी १८६८ मधील हिक्लिन खटल्याच्या इंग्रजी निकालावरून घेतली जाई. ज्यांचे मन अशा प्रभावांना बळी पडू शकते त्यांना मजकूर बिघडवील काय, असा तिचा प्रश्न होता. (मूळ खटला रोमन कॅथलिक पाद्र्यांवर टीका करणाऱ्या एका प्रॉटेस्टंट पुस्तिकेवरून उद्भवला होता, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.) या कसोटीत तरुण मन हे संरक्षण देण्याची वस्तू होते, समाजस्वास्थ्याला पत्र लिहिणारा मात्र बहुधा तोच तरुण होता. ज्याच्या रक्षणासाठी उत्तर दडपावयाचे, त्यानेच प्रश्न विचारला होता, ही विसंगती न्यायालयाच्या दृष्टीस आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सोडून दिली ती २०१४ मध्ये.

याच सुमारास रत्नागिरीत धर्मसुधारणेचे वारे वाहत होते. वि. दा. सावरकर तेथे स्थानबद्ध असताना भागोजीशेट कीर यांच्या साहाय्याने १९३१ मध्ये सर्व हिंदूंना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. अस्पृश्यता धर्माला धरून आहे काय, असा वाद तेथे उघडपणे झाला. समलिंगी व्यक्तीविषयी तसा वाद होऊ शकला नाही, कारण वादासाठी आधी विषयाचे नाव घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतरही हे मौन बराच काळ टिकले. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांच्या मित्राची गोष्ट (१९८१) या नाटकाने समलिंगी आकर्षण असलेली स्त्री मध्यवर्ती पात्र म्हणून आणली. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत बॉम्बे दोस्त हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. कवी हे तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासमार्गाचे शिक्षण घेत होते. आपली प्रकृती लपवू नये, हा सल्ला त्यांना तेथील एका ज्येष्ठ स्वामींकडूनच मिळाला. धर्मसंस्था आणि विरोध ही समीकरणे सरळ मांडता येत नाहीत, हे अशा प्रसंगांतून दिसते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली व मराठीत विपुल लेखन केले.

दीपा मेहता यांच्या फायर या चित्रपटावर २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत गोरेगाव येथे शिवसैनिकांनी हल्ला केला. दोन हिंदू जावांचे प्रेम दाखविणे हा धर्माचा अवमान असल्याचे सांगण्यात आले. त्यांची राधा व सीता ही नावे विशेष आक्षेपार्ह ठरली. चित्रपट परिनिरीक्षण मंडळाकडे परत पाठविला गेला आणि १९९९ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. समर्थनार्थ निघालेल्या निदर्शनांत समलिंगी स्त्रिया प्रथमच आपले नाव घेऊन रस्त्यावर आल्या, हा या हल्ल्याचा अनपेक्षित परिणाम होय.

न्यायालयीन लढा दिल्लीत झाला. नाझ फाउंडेशनच्या २००१ मधील याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी निकाल दिला. पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे. प्रौढांच्या संमतीने खाजगीत होणाऱ्या संबंधांना ३७७ वे कलम लागू करता येणार नाही, असे सांगताना त्यांनी आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधानसभेतील भाषणाचा आधार घेतला. त्या भाषणातील संवैधानिक नीतिमत्तेची कल्पना बहुसंख्यांच्या नीतिकल्पनेपेक्षा वरचढ ठरविण्यात आली. १९३४ मध्ये आंबेडकरांचा युक्तिवाद ज्या लोकनीतीपुढे टिकला नव्हता, तिलाच आता त्यांच्या शब्दांनी उत्तर दिले गेले.

या निकालाविरुद्ध केंद्र सरकारने अपील केले नाही. अपील करणाऱ्यांत दिल्लीचे एक ज्योतिषी सुरेशकुमार कौशल हे पहिले होते. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ॲपोस्टोलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि सनातनी हिंदू संस्था त्यांच्या बाजूला आल्या. एरवी एकमेकांपासून दूर असलेले हे पक्ष येथे एकत्र बसले. दिल्लीचा बालहक्क संरक्षण आयोगही याच बाजूला होता. म्हणजे तरुणांच्या रक्षणाचा जुना मुद्दा पुन्हा पुढे आला. समलिंगी मुलामुलींच्या पालकांचा एक गट उलट बाजूने न्यायालयात उभा राहिला. कायद्यामुळे आपली मुले व आपली घरेही भयाच्या छायेत राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात तो पुन्हा प्रस्थापित केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला स्थान नाही.

धार्मिक मतही एकजिनसी राहिले नाही. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१३ च्या निकालानंतर, चर्चला समलिंगी विवाह मान्य नसला तरी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानणे त्याला मंजूर नाही, असे स्पष्ट केले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये अशा व्यक्तींना समाजात त्यांची जागा मिळावी, असे म्हटले. दोनच महिन्यांनी संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा स्त्री-पुरुषांमधील संस्कार असल्याचे सांगून समलिंगी विवाहास विरोध दर्शविला. जमियत उलेमा-ए-हिंदनेही न्यायालयात असाच विरोध केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. वादाचे केंद्र अशा रीतीने शय्येवरून विवाहाकडे सरकले आहे.

खेड्यांत या विरोधाला पुस्तकी आधार लागत नाही. शास्त्री व सोनवी या नद्यांच्या काठचा संगमेश्वर तालुका याचे उदाहरण म्हणून घेता येईल. येथील नमन-खेळे ही ग्रामदेवतेच्या शिमगोत्सवाशी जोडलेली लोककला आहे व तिच्यातील स्त्रीपात्रे परंपरेने पुरुष करीत आले. साडी नेसलेल्या पुरुषाला देवाच्या मांडावर मान मिळतो; पण ती मान्यता सोंगाला असते, प्रकृतीला नव्हे. उत्सव सरला की त्याच गावात त्याचे लग्न ठरविले जाते. गावकी, मानकरी, पालखीचा मान, गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी यांच्या जाळ्यात कुटुंबाची पत विणलेली असते. मुलाने लग्नास नकार दिल्यास प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. धाकट्या बहिणीचे लग्न आणि पालखी दारी येण्याचा मान हेही पणाला लागतात. मुंबईला निघून जाणे हा या भागातील तरुणांचा जुना तोडगा आहे.

कोकणातील गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या घटनांमुळे महाराष्ट्र विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक विधेयक मंजूर केले; राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते २०१७ मध्ये अंमलात आले. बहिष्काराच्या व्याख्येत नीतिमत्ता व राजकीय कल यांच्याबरोबरच लैंगिकतेवरून केलेला भेदभावही घातलेला आहे आणि अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हा कायदा जातपंचायत व गावकी यांच्या कृतीपुरता आहे. घरातल्या घरात होणारी लग्नाची सक्ती, देवऋषाकडे नेणे किंवा ‘बरे’ करण्यासाठी औषधोपचार हे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांपैकी शेवटच्या प्रकाराला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. मात्र हे बंधन डॉक्टरांपुरतेच असून देवऋषी त्याच्या कक्षेत येत नाही.